मेडिकल कोडिंग की मेडिकल रेकॉर्ड्स? फी भरण्याआधी हा फरक समजून घ्या

बीएस्सीचा निकाल लागला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. 'मेडिकल कोडिंग शिका, तीन महिन्यांत नोकरी.' त्याच्या खाली दुसरी जाहिरात असते 'मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन' डिप्लोमाची. आणखी खाली गेलात की 'हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये करिअर'. तिन्हींच्या फोटोत एक लॅपटॉप आणि एक स्टेथोस्कोप. साहजिकच हे सगळं एकच क्षेत्र आहे, असं वाटतं.

प्रत्यक्षात ही तीन वेगळी कामं आहेत. पहिलं काम रुग्णालयाच्या आत, भारतीय कायद्यांनुसार चालतं. दुसरं बहुतेक वेळा अमेरिकेतल्या विम्याच्या बिलांसाठी असतं. तिसरं सॉफ्टवेअर आणि डेटाचं आहे. तिन्हींचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळ्या आणि नोकरी देणारेही वेगळे. चुकीचा कोर्स निवडला तर फी जाते आणि सोबत एक वर्षही जातं.

त्यामुळे आधी काम काय आहे ते पाहू, मग त्याचं प्रशिक्षण.

एका फाईलचा प्रवास

समजा, सांगलीत राहणारे ७२ वर्षांचे एक आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले. मांडीच्या हाडाचा वरचा भाग, म्हणजे खुब्याजवळचा भाग मोडला. त्यांना मधुमेह आहे. रुग्णालयात भरती झाले, ऑपरेशन झालं आणि आठ दिवसांनी घरी गेले.

नातेवाइकांच्या हातात उरतं एक डिस्चार्ज कार्ड आणि बिलांचा गठ्ठा. पण रुग्णालयाकडे त्यांची जाडजूड फाईल तयार झालेली असते. भरतीचा कागद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सचे तक्ते, तपासण्यांचे रिपोर्ट, ऑपरेशनचं संमतीपत्र, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, ऑपरेशनमध्ये काय केलं त्याचं टिपण आणि औषधांचा तक्ता.

पेशंट घरी गेला की ही फाईल वॉर्डातून मेडिकल रेकॉर्ड विभागात जाते. लोक त्याला 'रेकॉर्ड रूम' म्हणतात, रुग्णालयात 'एमआरडी' म्हणतात. इथलं पहिलं काम म्हणजे कागद ठरलेल्या क्रमाने लावणं. दुसरं, उणिवा शोधणं. संमतीपत्रावर सही आहे का? ऑपरेशन उजव्या पायाचं झालं आणि एखाद्या कागदावर डावा पाय लिहिलाय का? भूल दिल्याची वेळ नोंदवली आहे का? उणीव सापडली तर फाईल संबंधित डॉक्टरांकडे परत जाते. रेकॉर्ड विभागातल्या कर्मचाऱ्याने स्वतः काहीही भरायचं नसतं. दुरुस्ती करायची तर ती नोंद ज्याची आहे त्यानेच, तारीख आणि सही टाकून करायची. हा नियम पहिल्या आठवड्यातच शिकवला जातो, कारण नंतर घुसवलेली एक ओळ कोर्टात अख्ख्या फाईलवरचा विश्वास घालवू शकते.

मग आजाराला कोड दिला जातो, नोंद संगणकावर चढते आणि फाईल कपाटात जाते. त्यातही एक पद्धत आहे. अनेक मोठ्या रुग्णालयांत फाईल नंबरच्या शेवटच्या दोन अंकांवरून लावतात. नंबर ४८-५२-७३ असेल तर आधी ७३ चा कप्पा, त्यात ५२ चा गट, त्यात ४८ वी फाईल. उलटं वाटतं, पण त्यामागे साधा हिशेब आहे. सरळ क्रमाने लावलं तर सगळ्या नव्या फाईली शेवटच्या एकाच कपाटात गर्दी करतात. शेवटच्या अंकांवरून लावलं तर त्या १०० कप्प्यांत सारख्या वाटल्या जातात आणि प्रत्येक कर्मचाऱ्याकडे सारखं काम येतं.

फाईल अपुरी राहिली तर काय होतं?

आजोबांच्या मुलाने विम्याचा क्लेम टाकला. क्लेम फॉर्ममध्ये रुग्णालयाने भरायचा एक भाग असतो आणि त्यात निदानाचा आयसीडी-१० कोड मागितलेला असतो. फाईलमध्ये 'मधुमेह कधीपासून' याबद्दल एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर वेगळंच लिहिलं असेल, तर विमा कंपनी किंवा टीपीए लगेच प्रश्न काढते. चूक कुणाचीही असो, फेऱ्या घरच्यांना माराव्या लागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही असंच आहे. उपचाराआधी मंजुरी, मग कागद आणि तपासण्या अपलोड, मग रुग्णालयाला पैसे. तुम्ही योजनेच्या रुग्णालयात गेला असाल तर काउंटरवरचे आरोग्यमित्र पाहिले असतील. त्यांचं बरंचसं काम या नोंदी वेळेत आणि नीट जाण्यावर अवलंबून असतं.

इथे एक नियम प्रत्येक पेशंटने लक्षात ठेवावा असा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवावं लागतं. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. हे ७२ तास पाळायचे तर फाईल सापडायला हवी आणि ती पूर्ण असायला हवी. ही जबाबदारी शेवटी रेकॉर्ड विभागावर येते.

अपघात, विषबाधा, भाजणं अशा पोलिस केसच्या, म्हणजे एमएलसीच्या फाईली वेगळ्या आणि कुलुपात ठेवतात. त्या प्रकरण निकाली निघेपर्यंत जपायची पद्धत आहे. कधी कधी कोर्टात मूळ फाईल घेऊन रेकॉर्ड विभागातल्या माणसालाच उभं राहावं लागतं.

आजाराला नंबर कशाला?

एक डॉक्टर 'शुगर' लिहितो, दुसरा 'डीएम', तिसरा 'टाइप टू डायबेटिस'. माणसाला तिन्हींचा अर्थ कळतो. पण राज्यात मधुमेहाचे किती पेशंट भरती झाले, हे मोजायचं असेल तर तिघांना एकच नाव हवं. ते नाव म्हणजे कोड.

ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारली गेली. तिच्यातूनच आजची आयसीडी, म्हणजे आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी तयार झाली. ती जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. दहाव्या आवृत्तीत टाइप टू मधुमेहाचा कोड ई११ आहे. त्यापुढचा अंक गुंतागुंत सांगतो. ई११.२ म्हणजे किडनीवर परिणाम, ई११.३ म्हणजे डोळ्यांवर, ई११.९ म्हणजे गुंतागुंत नाही. एक अंक चुकला की किडनी बिघडलेला पेशंट कागदावर ठणठणीत मधुमेही होतो.

अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीसाठीचा भाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. देश आपापल्या वेगाने नव्या आवृत्तीकडे वळतात, म्हणून आज शिकणाऱ्याला दहावी आवृत्ती पक्की यायला हवी आणि अकरावीची ओळख हवी.

कोडिंगचा सगळ्यात गंभीर उपयोग मृत्यूच्या कागदावर होतो. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर 'नमुना ४' भरतात. त्यात मृत्यूचं कारण साखळीसारखं लिहायचं असतं: शेवटी काय झालं, ते कशामुळे झालं आणि सगळ्याच्या मुळाशी कोणता आजार होता. अनेकदा तिथे फक्त 'हृदय बंद पडलं' असं लिहिलं जातं. पण हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडतं. ते कारण होऊ शकत नाही. प्रशिक्षित कोडर असा कागद डॉक्टरांकडे परत पाठवतो आणि मूळ आजार विचारतो.

अशा नोंदींतून काय उभं राहतं, याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. आणि ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. बार्शीच्या नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचे, कारण रुग्णालयापर्यंत न पोहोचलेला पेशंट रुग्णालयाच्या फाईलमध्ये सापडणार कसा? खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर किती आहे, हा प्रश्न आकड्यांत मांडता आला तो अशाच कामामुळे.

आता तीन दरवाजे पाहू.

पहिला दरवाजा: रुग्णालयातला रेकॉर्ड विभाग

यासाठी सर्टिफिकेट, डिप्लोमा, पदवी आणि पदव्युत्तर अशा सगळ्या पातळ्यांवर कोर्स आहेत. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज मेडिकल रेकॉर्डच्या शिक्षणासाठी जुनं आणि नावाजलेलं आहे. मणिपालमध्ये हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंटची पदवी आहे. केंद्र सरकारच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्सचं प्रशिक्षण पुद्दुचेरीचं जिपमेर आणि दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय इथे अनेक वर्षं चालत आलं आहे. त्यात मेडिकल रेकॉर्ड ऑफिसरसाठी एक वर्षाचा आणि टेक्निशियनसाठी सहा महिन्यांचा कोर्स आहे.

शिकवतात काय? शरीररचना आणि शरीराचं काम, वैद्यकीय शब्दावली, आयसीडी कोडिंग, रुग्णालयाची आकडेवारी, कायदा, फाईल ठेवण्याच्या पद्धती आणि संगणक.

यात शब्दावलीला सगळ्यात जास्त घाबरलं जातं आणि खरं तर तीच सगळ्यात लवकर सुटते. मोठा शब्द तुकड्यांत तोडायचा असतो. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह. 'एक्टमी' असेल तर काढून टाकणं. म्हणून अपेंडिसायटिस हा आजार आणि अपेंडेक्टमी हे ऑपरेशन. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दोन-तीन महिन्यांत हे जमतं. पण काळजी इथेच लागते. 'हायपो'ग्लायसेमिया म्हणजे साखर कमी होणं आणि 'हायपर'ग्लायसेमिया म्हणजे वाढणं. लिहिताना एक-दोन अक्षरांचा फरक, उपचार मात्र एकदम उलटा. 'एमएस' हे लघुरूप हृदयाच्या झडपेच्या आजारासाठीही वापरतात आणि मेंदू-मज्जारज्जूच्या एका आजारासाठीही. कोणता घ्यायचा, हे बाकीची फाईल वाचूनच कळतं.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर हाच दरवाजा. एम्ससारख्या केंद्रीय रुग्णालयांच्या भरतीत मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन असं वेगळं पद असतं. त्यासाठी विषयातलं प्रमाणपत्र किंवा पदवी आणि टायपिंगची अट असते. खासगी रुग्णालयांत मागणी येते ती विमा आणि एनएबीएच मान्यतेमुळे, कारण मान्यतेच्या तपासणीत फाईली उघडून बघितल्या जातात.

दुसरा दरवाजा: अमेरिकेच्या बिलांचं कोडिंग

जाहिरातींमधलं 'मेडिकल कोडिंग' म्हणजे बहुतेक वेळा हे काम. चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, पुणे, नवी मुंबई इथल्या कंपन्या अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी वाचून कोड देतात आणि त्यावरून तिकडचं विम्याचं बिल बनतं.

काम किती वेगळं आहे, ते आजोबांच्याच उदाहरणावरून बघा. भारतातल्या रुग्णालयात त्यांच्या फ्रॅक्चरचा कोड एस७२.० इथे थांबू शकतो. अमेरिकेची स्वतःची सुधारित आयसीडी आहे. तिथे कोड एस७२.००१ए असा होतो. यातला '१' सांगतो की पाय उजवा आहे आणि शेवटचा 'ए' सांगतो की ही मोडलेल्या हाडाच्या उपचाराची पहिली फेरी आहे आणि जखम उघडी नाही. अमेरिकेने ही पद्धत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरायला सुरुवात केली. निदानाचे कोड तेव्हा सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या वर गेले. ऑपरेशनसाठी वेगळं पुस्तक, सीपीटी. त्यात या ऑपरेशनचा पाच अंकी कोड २७२३६.

नियमही तिकडचे. ओपीडीच्या नोंदीत डॉक्टरांनी 'न्यूमोनिया असण्याची शक्यता' असं लिहिलं असेल, तर अमेरिकेच्या नियमानुसार न्यूमोनियाचा कोड देता येत नाही. खोकला, ताप अशा लक्षणांचाच कोड द्यायचा. पण भरती झालेल्या पेशंटच्या डिस्चार्जच्या नोंदीत तेच शब्द असतील, तर रुग्णालयाच्या बिलासाठी न्यूमोनियाचा कोड चालतो. असे बारकावे पाठ असणं म्हणजेच कोडिंग येणं.

या क्षेत्रातली जास्त मागितली जाणारी परीक्षा म्हणजे अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची सीपीसी. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. तरीही लोक नापास होतात, कारण पुस्तक उघडायला वेळ पुरत नाही. फी डॉलरमध्ये असते आणि संस्थेचं सभासदत्वही घ्यावं लागतं. दुसरी संस्था एएचआयएमए. ती १९२८ पासून आहे आणि तिच्या सीसीए, सीसीएस अशा परीक्षा आहेत.

इथे जाहिराती एक गोष्ट बारीक अक्षरात ठेवतात. कामाचा अनुभव नसताना सीपीसी पास झालात तर नावापुढे 'सीपीसी-ए' लागतं. हा 'ए' म्हणजे शिकाऊ. अनुभवाची अट पूर्ण झाली की तो निघतो. त्यामुळे 'परीक्षा पास, लगेच मोठा पगार' हे गणित बसत नाही. दुसरी गोष्ट, क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि सीपीसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासच्या फीमध्ये परीक्षेची फी धरली आहे का, हे स्पष्ट विचारावं.

हे काम करणाऱ्यांना बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस अशी पार्श्वभूमी असली की फायदा होतो. दिवसाला ठरावीक चार्ट पूर्ण करायचं टार्गेट असतं आणि अचूकता वेगळी तपासली जाते. एकाच जागी बसून तासन्‌तास इंग्रजी नोंदी वाचणं ज्यांना जमतं, त्यांच्यासाठीच हा दरवाजा.

तिसरा दरवाजा: हेल्थ आयटी

सरकारी रुग्णालयात ओपीडीच्या रांगेत क्यूआर कोड स्कॅन करून नंबर घेतला असेल, तर तुम्ही या तिसऱ्या जगाला हात लावला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा नंबर अनेकांकडे आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की आभा काढलं की सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एखाद्या संगणकात जातात. रचना तशी नाही. रिपोर्ट त्या त्या रुग्णालयाकडे किंवा लॅबकडेच राहतात. तुम्ही संमती दिलीत की एका सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिमला दाखवले जातात. पण सांगलीचं सॉफ्टवेअर आणि पुण्याचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलणार कसं? त्यासाठी ठरलेली भाषा लागते. डिजिटल मिशनमध्ये त्यासाठी एफएचआयआर हे मानक वापरतात. वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी आहे. भारत या संस्थेचा सदस्य असल्यामुळे देशात ते वापरायला परवाना फी पडत नाही. या मानकांसाठीचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे.

इथे कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना वाव आहे, पण त्यांना रुग्णालय कळायला हवं. आणि रुग्णालय कळणाऱ्यांना वाव आहे, पण त्यांना डेटाबेस कळायला हवा. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचे कोर्स या दोन्हींच्या मधली जागा भरतात. 'नर्सला ही स्क्रीन रात्री दोन वाजता वापरता येईल का?' हा प्रश्न विचारणारा माणूस टीममध्ये नसेल, तर महागडं सॉफ्टवेअर पडून राहतं आणि वॉर्डात पुन्हा वही निघते.

धोकाही इथेच मोठा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक, आणि तिथे अनेक दिवस काम कागदावर करावं लागलं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात, डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे एखाद्या पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं आता फक्त वाईट वागणूक म्हणून सोडून देता येणार नाही.

२०२१ चा कायदा काय सांगतो?

आतापर्यंत हे क्षेत्र बरंचसं मोकळं होतं. कुणीही कितीही महिन्यांचा कोर्स काढायचा आणि डिप्लोमा द्यायचा. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट हा स्वतंत्र गट आहे. मेडिकल रेकॉर्ड अॅनालिस्ट, क्लिनिकल कोडर, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट ही नावं त्यात येतात.

कायद्याच्या व्याख्येनुसार 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवायचं तर किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला अभ्यासक्रम लागतो. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' व्हायचं तर किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी लागते. नोंदणीसाठी राज्य परिषदांची तरतूद आहे.

आता तीन महिन्यांच्या कोर्सची आठवण करा. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस धरले तरी ३०० तासांच्या आसपास होतात. असा कोर्स निरुपयोगी आहे असं नाही. एका ठरावीक कंपनीतल्या ठरावीक कामासाठी तो पुरेसा ठरू शकतो. पण पुढे नोंदणी, सरकारी भरती किंवा बढतीच्या वेळी तो या २,००० तासांच्या जवळपासही जात नाही, हे फी भरण्याआधी माहीत असावं.

मग एआय हे सगळं खाऊन टाकेल का?

नोंद वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आजच वापरात आहेत. सोपे, रोजचे, साचेबद्ध चार्ट त्यांच्याकडे आधी जातील आणि फक्त तेवढंच येणाऱ्यांची जागा आधी डळमळेल.

पण सुचवलेला कोड बरोबर आहे का, हे तपासायला कुणीतरी लागतं. 'शक्यता' हा शब्द ओपीडीत आहे की डिस्चार्जच्या नोंदीत, 'एमएस' म्हणजे झडप की मज्जारज्जू, फाईलमध्ये उजवा-डावा गोंधळ आहे का, हे पाहणारा माणूस. आणि नोंदच अपुरी असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारणारा माणूस. म्हणून शिकताना कोड पाठ करण्यापेक्षा शरीरशास्त्र, नियम आणि तपासणी यांवर जास्त वेळ द्यायला हवा.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. हा कोर्स कोणत्या दरवाजाचा आहे? भारतीय रुग्णालयाचा, अमेरिकेच्या कोडिंगचा की आयटीचा? 'सगळ्याचा' असं उत्तर आलं तर थोडं थांबा.

२. सर्टिफिकेट कोण देणार? विद्यापीठ, सरकारी संस्था की क्लास स्वतः? विद्यापीठाचं नाव सांगितलं तर त्या विद्यापीठाच्या वेबसाईटवर कोर्स आणि कॉलेज दोन्ही शोधा.

३. एकूण तास किती आणि त्यातले रुग्णालयात किती? खरी फाईल हातात न घेता रेकॉर्डचं काम शिकता येत नाही.

४. शरीररचना आणि शब्दावली किती आठवडे शिकवणार? थेट कोडच्या पुस्तकापासून सुरुवात करणारा क्लास पाया टाळतोय.

५. मागच्या बॅचमधले किती जण परीक्षेला बसले, किती पास झाले आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का?

६. 'नोकरीची हमी' लेखी आहे का? नोकरी मिळाली नाही तर पैसे परत मिळतील का, किती दिवसांत?

सरकारी नोकरी हवी असेल तर आणखी एक सोपी युक्ती. ज्या रुग्णालयात काम करायचं आहे, त्याची जुनी भरतीची जाहिरात काढा आणि शैक्षणिक पात्रतेचा रकाना वाचा. तुमचा कोर्स त्यात बसतो का, हे तिथेच कळेल. क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा ती एक ओळ जास्त खरी.

आणि हे काम आपल्याला आवडेल का, हे बघायला एक रुपयाही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० चं ऑनलाइन प्रशिक्षण आणि आयसीडी-११ ची शोधयादी मोफत आहे. घरातलं एखादं जुनं डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यातलं प्रत्येक निदान यादीत शोधा. तासाभरात कंटाळा आला तर फी वाचली. 'इथे उजवा की डावा ते लिहिलंच नाही,' असं तुमच्या आपोआप लक्षात आलं, तर या कामाची पहिली पायरी तुम्ही चढलात.

त्या आजोबांच्या फाईलकडे बघणारा माणूस त्यांना कधी भेटणार नाही. पण दोन वर्षांनी दुसरा पाय दुखायला लागला, की नव्या डॉक्टरांच्या हातात आधी कोणतं ऑपरेशन झालं, कोणतं इम्प्लांट बसवलं, भूल सोसली का, याची उत्तरं असतील की नाही, हे त्याने आज काय तपासलं त्यावर ठरणार आहे.